अण्णांची हेरल्ड, माझी स्पिटफायर

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे. वेळ संपल्याची घंटा दोनदा वाजली, तेवढी गाळली.)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. मी फोन करून म्हटलं, अरे, आपल्या वर्गात आता संधी शोधणारं कोण उरलंय? सगळ्यांना चाळिशीचे चष्मे लागलेत. मुलांसाठी कुणाला काही विचारायचं असेल तर चहाच्या वेळी भेटा, जे माहीत आहे ते सांगेन. इथे मी एका गाडीबद्दल बोलणार आहे.

गाडी आपल्या बॅचची आहे, म्हणजे १९७९ सालची. ट्रायम्फ स्पिटफायर १५००. दोन माणसांची, उघड्या टपाची, हळदीसारखी पिवळी. त्या रंगाचं कंपनीचं नाव ‘इन्का यलो’. मी राहते कॉव्हेंट्रीला, आणि ही गाडी बनली ती कॉव्हेंट्रीतल्याच कॅन्ली नावाच्या भागात. १९६२ ते १९८० या काळात तिथे तीन लाखांहून जास्त स्पिटफायर तयार झाल्या. असं सांगतात की पहिला नमुना पैशांअभावी कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून पडला होता. लेलँडने कंपनी विकत घेतली, त्यांची माणसं कारखाना बघत फिरत होती, त्यांनी कापड उचललं, आणि गाडी पुढे गेली. मला ही गोष्ट आवडते. आपल्यापैकी बरेच जण असेच कापडाखालून निघालेत.

आता तुम्ही म्हणाल, विमा कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईला हे कुठून सुचलं? ते सांगायचं तर अण्णांपासून सुरुवात करायला हवी.

अण्णांना तुम्ही ओळखता. कोल्हापूर नाक्याजवळचं गॅरेज. मराठीच्या बाई, तुमच्या लुनाची ब्रेक केबल त्यांनी किती वेळा बदलली, ते मला माहीत आहे, कारण एकदाही पैसे घेतले नाहीत म्हणून आई चिडायची. पण मी तुम्हाला कधी सांगितलं का, की ते माझे वडील? शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘व्यापार’ लिहायचे. आठवीत असताना मी एकदा डबा विसरले. अण्णा गॅरेजमधून तसेच सायकलवर आले. खाकी कपडे, कोपरापर्यंत ऑइल. फाटकाशी उभे राहिले. मी पळत गेले, डबा घेतला आणि म्हटलं, “जा आता.” ते गेले. या गोष्टीला तेहतीस वर्षं झाली. त्यांनी कधी विषय काढला नाही, मीही नाही.

आपल्या वेळी टेक्निकल मुलांना असायचं आणि आम्हाला शिवण. वर्कशॉपच्या खिडकीतून कानस घासल्याचा आवाज यायचा आणि मी इकडे काजं करत बसायचे. पण खरं सांगायचं तर मुलींना टेक्निकल दिलं असतं तरी घरातून परवानगी मिळाली नसती. अण्णांनी मला गॅरेजच्या उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नाही. “तू पुस्तक धर, पाना धरायला मी हाय की,” हे त्यांचं वाक्य. मी पुस्तक धरलं. सांगलीला इंजिनिअरिंग केलं, डिग्री घेतली, आणि चाळीस वर्षांची होईपर्यंत पंक्चर झालेलं चाकसुद्धा स्वतः बदललं नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये आई गेली. तेव्हा काय परिस्थिती होती, तुम्हाला माहीत आहे. मला येता आलं नाही. त्यानंतर मी अण्णांना रोज फोन करायला लागले आणि लक्षात आलं की आम्हाला एकमेकांशी बोलताच येत नाही. इतकी वर्षं फोन आईच घ्यायची, अण्णा मागून “बरी हाय का विचार” म्हणायचे. आता रोज “जेवलात का?” “जेवलो.” “गोळी घेतली?” “घेतली.” “बरं.” चाळीस सेकंद. मी एकदा फोनमध्ये कॉलची यादी बघितली. सगळे चाळीस-पन्नास सेकंदांचे.

मार्च २०२१ मध्ये संध्याकाळी चालायला गेले होते. एका घरासमोर ही पिवळी गाडी उभी, काचेवर ‘विकणे आहे’चा कागद. मालक म्हातारे गृहस्थ. त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं. या गाडीचं बॉनेट आपल्या गाड्यांसारखं पुढून उघडत नाही. दिव्यांसकट, मडगार्डांसकट गाडीचं अख्खं नाक पुढे कलंडतं आणि इंजिन सगळीकडून मोकळं होतं. मला धक्का बसला, कारण हे मी पाहिलेलं होतं. उंबऱ्याबाहेरून. गावातल्या डॉक्टरांची जुनी स्टँडर्ड हेरल्ड अण्णांकडे यायची, तिचं बॉनेट असंच उघडायचं, आणि अण्णा पुढच्या टायरवर बैठक मारून इंजिनचं काम करायचे. पाटावर बसावं तसे.

मी रस्त्यावरूनच व्हिडिओ कॉल लावला. अण्णांनी बघितलं आणि म्हणाले, “अगं, ही तर हेरल्डची बहीण!”

आणि ते खरं होतं. हेरल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली, आपल्याकडे ती १९६१ पासून मद्रासला बनायला लागली. दोन्ही गाड्यांचं रूप मिकेलोत्ती नावाच्या एकाच इटालियन माणसाने काढलेलं, इंजिन एकाच घराण्यातलं. आपल्या हेरल्डचं ९४८ सीसी, तेच वाढत वाढत माझ्या गाडीत १४९३ सीसीचं झालं. अण्णा १९६४ साली पुण्याच्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागले तेव्हा हेरल्ड ही नवी गाडी होती. त्यांनी हात काळे केले ते तिच्यावर. तो कॉल सत्तावीस मिनिटं चालला. मी साडेतीन हजार पौंड देऊन गाडी घेतली. नवऱ्याला नंतर सांगितलं.

“लोहचुंबक लावलंस का?” हा अण्णांचा दुसऱ्या दिवशीचा पहिला प्रश्न. पत्र्याला चुंबक चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही. मी फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक घेऊन बाहेर गेले. दारावर बाप्पा घट्ट बसले. दाराच्या खालच्या पट्टीवर लावले, तर सरळ घसरून जमिनीवर. चारपाच ठिकाणी लावून बघितले, तेच. मालकांनी जी फाईल दिली होती तिच्यात २००९ सालचं ‘संपूर्ण दुरुस्ती’ म्हणून बिल होतं. ती दुरुस्ती म्हणजे गंजावर पुट्टी आणि पुट्टीवर सुंदर पिवळा रंग. माझ्या धंद्यात असले प्रोग्रॅम रोज बघते मी, त्यामुळे राग आला नाही. ओळखीचं वाटलं.

गाडी खोलायला तीन महिने लागले. शनिवार-रविवार आणि संध्याकाळ. प्रत्येक नट-बोल्ट फ्रीजरच्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. चिठ्ठ्या लिहायचं काम मुलीकडे. तिची स्पेलिंग अजून त्या डब्यांत आहेत. जाम झालेला बोल्ट सुटत नसला की अण्णा सांगायचे, “सोडायच्या आधी जरासा आवळ. मग सोड.” आणि तो सुटायचा. इंजिनला हात लावण्याआधी त्यांनी एक परीक्षा घ्यायला लावली. “एकीला क्लच दाबायला बसव आणि तू पुढची पुली बघ.” मुलीने क्लच दाबला आणि पुली पुढे सरकली. डोळ्याला दिसेल इतकी. क्रँकशाफ्ट मागेपुढे होऊ नये म्हणून अर्धचंद्रासारखे दोन वॉशर असतात, ते झिजून संपत आले होते. या इंजिनांचा हा जुनाच रोग. तसंच चालवलं असतं तर वॉशर गळून खाली पडले असते आणि क्रँकने ब्लॉकच खाल्ला असता. इंजिन न उतरवता, खालचं सम्प काढून आणि मागच्या मेन बेअरिंगची कॅप सोडून ते बदलता येतात, हेही त्यांनीच सांगितलं. सात हजारांहून जास्त किलोमीटरवरून, एका डोळ्यात मोतीबिंदू असताना.

ट्रनियनचं तर विचारूच नका. पण मी सांगणारच आहे. पुढच्या चाकाला धरून ठेवणारा जो उभा दांडा असतो, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात, आणि तो पितळी रंगाच्या एका ठोकळ्यात पेचासारखा बसतो. स्टिअरिंग फिरवलं की त्या आट्यांवर चाक वळतं. त्या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. त्यात गिअरचं दाट तेल घालायचं असतं. पण भरायला ग्रीसगन लावतात, म्हणून बहुतेक लोक ग्रीसच मारतात. ग्रीस आट्यांच्या खालपर्यंत पोचत नाही, पाणी मात्र पोचतं. दांडा आतल्या आत गंजतो आणि एखाद्या दिवशी वळणावर मोडतो. चाक आडवं होतं. अण्णा म्हणाले, “उघड आणि बोट घाल. काय लागतंय?” बोटाला वाळलेलं, पिवळं, मेणासारखं ग्रीस लागलं. डाव्या बाजूचा दांडा काढून साफ केला, तर आट्यांच्या मुळाशी केसाएवढी चीर. त्या दिवशी मी बराच वेळ गॅरेजच्या पायरीवर बसून होते. मुलीला शेजारी बसवून मी ती गाडी महिनाभर चालवली होती.

तर असं चाललं होतं. फोन तासातासाचे व्हायला लागले. मधेच आईचा विषय निघायचा आणि पुढे जायचा, थांबायचा नाही. आणि मग मी ते बिघडवलं.

दाराच्या खाली जी लांब पट्टी असते तिला सिल म्हणतात. स्पिटफायरला ती तीन पत्र्यांची असते: आतला, मधला मजबुतीचा आणि बाहेरचा. माझे तिन्ही कुजलेले. नवे पत्रे आजही मिळतात. वेल्डिंग मी इथल्या कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात शिकले होते, वर्गात एकटीच बाई. मी अण्णांना विचारलं, “सिल कापायच्या आधी बॉडीला काही आधार द्यायचा का?” अण्णा हसले. “अगं सिल म्हंजी शोभेचा पत्रा. गाडी चेसीवर उभी असते. बोल्ट सोड, काप, नवा लाव. मी शंभर केल्यात.”

मी कापला. नवा लावला. चार शनिवार-रविवार गेले. वेल्डिंग असं सुंदर आलं होतं की मी फोटो काढून ऑफिसात दाखवले. मग दार बसवलं आणि लावायला गेले, तर लागेना. मागच्या बाजूला वरची फट पार बंद झाली होती. गाडी दाराच्या मधोमध खचली होती, बोटभर नाही, पण आठ मिलिमीटर पक्के. टप नसलेल्या गाडीत हे आठ मिलिमीटर कुठून परत आणणार? आमच्या कामात चूक झाली तर कालची प्रत उघडता येते. पत्र्याची कालची प्रत नसते.

मी तिथूनच फोन लावला. आणि म्हणाले, जे म्हणाले ते तुमच्यासमोर सांगते: “अण्णा, तुम्हाला यातलं काही कळत नाही. ही स्पोर्ट्स कार आहे, नाक्यावरची हेरल्ड नाही.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं. ठेवतो.”

पुढे तीन आठवडे पुन्हा चाळीस सेकंद. जेवलात का, जेवलो. गाडीवर मी ताडपत्री टाकली. मला वाटत होतं की मी गाडीवर चिडले आहे. एका रात्री आठवलं की ‘जा आता’ मी याच आवाजात म्हटलं होतं.

चौथ्या आठवड्यात शेजारच्या मुलाच्या फोनवरून निरोप आला: “गाडीचा खालून फोटो पाठव. पुढून मागपर्यंत.” मी जमिनीवर पाठ टेकून, तोंडावर गंज घेत बारा फोटो काढले आणि पाठवले. दोन दिवसांनी एक फोटो परत आला. कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या पाठीमागे पेन्सिलीने काढलेली दोन चित्रं. एक हेरल्डची चेसी, साठ वर्षांपूर्वी पाहिलेली, आठवणीतून काढलेली: मधे कणा, त्याला दोन्ही बाजूंना आडवे हात, आणि हातांच्या टोकांना जोडत गाडीच्या कडेने जाणारी पट्टी. दुसरी माझ्या गाडीची: नुसता कणा. खाली लिहिलं होतं, “हिला हात नाहीत. म्हणून सिलच हात. चूक माझी.”

बरोबर तेच होतं. हेरल्डची बॉडी त्या हातांवर बसते, म्हणून तिचा सिल खरोखर शोभेचा. स्पिटफायर बुटकी आणि हलकी करताना चेसीचे ते हात काढून टाकले आणि त्यांचं काम सिलवर सोपवलं. मागच्या चाकाला जागेवर धरणारी सळईसुद्धा तिथे चेसीला नाही, बॉडीला जोडलेली असते. सिल कापला की गाडीचा आधारच जातो.

मी लगेच फोन केला. “अण्णा, चूक तुमची नाही. मी पुस्तकात वाचलं होतं.”

“काय?”

“कापायच्या आधी दारात आडवी पट्टी वेल्ड करायची, दार बसवून फटी मोजायच्या, मगच कापायचं. स्पष्ट लिहिलं होतं. मी दोनदा वाचलं होतं.”

“मग केलं का नाहीस?”

“तुम्ही नको म्हणालात म्हणून.”

पलीकडे शांतता. मग अण्णा हसायला लागले. इतके हसले की खोकला लागला. “म्हंजी जल्मात पयल्यांदा बापाचं ऐकलंस, ते नेमकं हितं?”

थोडं माझ्याही बाजूने सांगते. आळस होताच, पट्ट्या लावायला एक पूर्ण रविवार गेला असता. पण त्यांना सांगायला मिळावं आणि मला ऐकायला, याची इतकी गोडी लागली होती की पुस्तक मधे आणावंसं वाटलं नाही.

मग सगळं वेल्डिंग ग्राइंडरने कापून काढलं. दाराच्या चौकटीत पट्ट्या ठोकल्या, खालून जॅक लावून केसाकेसाने उचललं, दार लावून, उघडून, परत लावून. अण्णा व्हिडिओवर. फटीत दोन नाणी घालून बघायचे, वर आणि खाली सारखीच सरकली पाहिजेत, ही त्यांची युक्ती. दोन महिने गेले. दुसरी बाजू एका आठवड्यात झाली.

रंग, सीट, वायरिंग यांवर बोलत नाही. पैसे फार गेले आणि सांगण्यासारखं काही नाही. जुलै २०२३ मध्ये गाडी रस्त्यावर आली. चाळीस वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला तिथे दरवर्षीची तपासणी सक्तीची नाही, तरी मी नेली. तपासनिसाने ट्रनियनवर टॉर्च मारला आणि विचारलं, “तेल की ग्रीस?” मी म्हटलं, “तेल.” तो म्हणाला, “कुणीतरी नीट शिकवलंय.”

गेल्या वर्षी मे महिन्यात अण्णा कॉव्हेंट्रीला आले. पहिल्यांदाच. विमानतळावरून घरी आलो, चहासुद्धा न घेता गॅरेजकडे गेले. मी बॉनेट उघडलं. त्यांनी इंजिनकडे बघितलंच नाही. पुढच्या टायरवर हात टेकला, सावकाश बसले, डाव्या चाकाच्या मागे हात घालून ट्रनियनला बोट लावलं आणि वास घेतला. “नव्वद नंबर,” म्हणाले. मग मला म्हणाले, “बस की.” दुसरा टायर मोकळाच होता.

काल मी त्यांना म्हटलं, उद्या शाळेत चला, सगळे भेटतील. ते म्हणाले, “मी तिथं येऊन काय करू? डबा पोचवायचा असंल तर सांग.”

म्हणजे त्यांच्या लक्षात आहे. मी काही बोलू शकले नाही. आज सकाळी मी मुद्दाम डबा घरी विसरून आले आहे. आत्ता सव्वाबारा झालेत. फाटकाजवळ बसलेल्यांनी जरा लक्ष ठेवा, सायकल आता नाही, रिक्षाने येतील. मी धावत जाणार आहे, भाषण अर्धवट राहिलं तर राहू द्या.

आणि कॉव्हेंट्रीला कधी आलात तर जरूर कळवा. गाडीत एका वेळी एकालाच घेता येतं. उजवं दार अजून थोडं उचलून लावावं लागतं, ते मी लावीन.